वेलीवरचं पान

तात्या : थांबा साहेब, तुमचा कागद सावकाश वाचू द्या. उतारवयात अक्षरं शिकलोय मी. ‘विमान कंपनी, विमानतळ, हवामान खातं, दलाल...’ यात माझी पानवेलीची वाडी कुठं हाय?

भगवंत : शेवटी आहे ना, तात्या. ‘बागायतदारांना कळवण्यात आले.’ तिथंच सही करायची.

तात्या : कळवलं? कोणी? मागल्या महिन्यात तो परदेशातला डोंगर राख ओकला, तुमची विमानं अडली, आन माज्या टोपल्या मुंबईत कुजल्या. तवा कुठं होतं कळवणं?

भगवंत : म्हणून तर आमच्या विमान कंपनीनं ही योजना केली! ती राख इंजिनात गेली की वितळून चिकटते, विमान आकाशातच बंद पडतं. डोंगर अजून धुमसतोय. पुन्हा उड्डाणं थांबली, तर माल शीतगृहात ठेवायचा. मुंबईत तीन बैठका झाल्या यावर.

तात्या : तिन्ही बैठकांत पान खाणारे बसले असतील. लावणारा एक तरी होता का? गारठ्यात पान काळं पडतं, साहेब!

भगवंत : मग तुम्ही काय केलं असतं?

तात्या : खुडलंच नसतं. वेलीवर पान आठ-पंधरा दिवस सुखानं ऱ्हातं. खुडलं की त्याचं माहेर तुटलं. आमाला फक्त आधी सांगा.

भगवंत : कसं सांगू? तुमच्याकडे फोन नाही. तार पोचते दुपारी.

तात्या : आन खुडणी उजाडताच. मनोरहून पहिल्या एस.टी.नं बाया येतात खुडायला. इकडं येताना ती गाडी पालघर स्टँडवर थांबते. तिथं फोन हाय, चिंतू कंडक्टरच्या कानावर घाला. बायांच्या आधी निरोप उतरंल.

भगवंत : योजनेत कंडक्टर कसा घालू? वरचे हसतील मला.

तात्या : कुजक्या टोपल्यांना हसले नाय ते?

बायडी : (वाडीतून खुडून आणलेली डोक्यावरची टोपली ओट्यावर उतरवत) तात्या, ही सहावी. केळीचं पान घालून शिवू ना? दुपारच्या गाडीला द्यायची हाय.

तात्या : शिव, बायडी. साहेब, टोपलीकडं काय बघताय?

भगवंत : तात्या... आजचं विमान नाहीये. काल संध्याकाळीच रद्द झालं.

तात्या : काल? आन तुमी सकाळपासून माज्याच ओट्यावर चा पिताय?

भगवंत : सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय योजना लागू होत नाही. तोवर कोणाला काही कळवायचं नाही, असा वरून हुकूम आहे.

बायडी : म्हंजी ही पानं बी गेली? सायेब, मी तुमच्या म्होरनं पाच टोपल्या नेल्या. तोंड उघडलं असतं तर काय झिजलं असतं?

भगवंत : चुकलं, बाई.

बायडी : तात्या, पल्याडल्या वेली ऱ्हायल्यात. काय करू?

तात्या : हात थांबवा म्हणावं सगळ्यांना. खुडलेली पालघरच्या बाजारात धाडू, खपतील तेवढी खपतील. साहेब, पेन द्या.

भगवंत : सही करताय?

तात्या : सही मागनं. आधी या योजनेत चिंतू कंडक्टरचं नाव लिवतो. येळ लागंल. बसा.