दुधात छान लागला म्हणे

वहिनी : नाही, आज मला बोलू दे. वरच्या मजल्यावर बसणाऱ्यांना जीभ नाही. दुसऱ्याला चावायला दात आहेत, ओरडायला घसा आहे, जीभ तेवढी नाही. आणि ही माणसं चहाची कंपनी चालवतात!

नणंद : वहिनी, हळू. जिन्याचं दार उघडं आहे. सगळं वर जातं.

वहिनी : जाऊ दे की! माझा चहा वर जातो आणि दर वेळी तोंड पाडून खाली येतो. आवाज तरी ताठ मानेनं जाऊ दे. काय म्हणाले, परत सांग.

नणंद : म्हणाले, चांगला आहे. खरंच, चांगला म्हणाले. फक्त जुनेपणा थोडा वाढवा.

वहिनी : जुनेपणा.

नणंद : हो.

वहिनी : तो कुठल्या डब्यात असतो गं? हे बघ, इथे काळा चहा आहे, व्हॅनिलाच्या शेंगा आहेत, ज्येष्ठमध आहे, लिंबाची वाळवलेली साल आहे. जुनेपणा मला कुठे दिसत नाही. किती घालू? चिमूटभर? की चांगला ओंजळभर ओतू?

नणंद : अगं, त्यांना म्हणायचंय की पिणाऱ्याला जुन्या सोड्याच्या दुकानाची आठवण झाली पाहिजे. उंच ग्लास, वर आइस्क्रीमचा गोळा, फेस...

वहिनी : मला सांगतेस? पहिल्या दिवसापासून तेच करत्येय ना मी? काळ्या चहात आइस्क्रीम-सोडा उतरवायचा. ऐकणारा हसतो, पण मी हसले नाही. म्हटलं, करते. पहिल्या नमुन्याला काय म्हणाले? तिखट लागतो. मी सुंठ काढली. मग म्हणाले, आइस्क्रीम फार पुढे येतं. व्हॅनिला अर्ध्यावर आणली. मग म्हणाले, सपक झाला, सोड्याची चरचर हवी. मी लिंबूसत्त्व घातलं. आणि आता जुनेपणा! उद्या म्हणतील, चहात थोडी खिडकी घाला.

नणंद : तू ना, वाकड्यात शिरतेस.

वहिनी : मी शिरते? इतकी वर्षं या खोलीत दुसऱ्यांचे चहा चाखले आणि बादलीत थुंकले. हा चांगला, तो कडवट, त्याला कुबट वास. सगळं लोकांचं. हा पहिला माझा आहे. मोठे साहेब स्वतः म्हणाले होते, हा जमला तर तुमचं टेबल कायम. नाही तर पाकिटं भरायच्या खोलीत जा. तू होतीस ना तेव्हा तिथे?

नणंद : होते.

वहिनी : मग मी काय हौस म्हणून डोकं फोडत्येय?

नणंद : अगं, पण ते खूश आहेत. पॉझिटिव्ह आहेत एकदम. कालचा तर दुधात घालून प्यायले. दुधात फारच छान लागला म्हणाले.

वहिनी : कशात?

नणंद : दुधात.

वहिनी : कालचा?

नणंद : हो. का?

वहिनी : कालच्यात लिंबूसत्त्व होतं.

नणंद : मग?

वहिनी : मग? घरात कधी गॅससमोर उभी राहिलीस तर तुला कळेल, मग काय ते. सरक. ते दुधाचं भांडं दे इकडे.

नणंद : वहिनी, मला वर जायचंय, माझी मीटिंग...

वहिनी : मीटिंग पळून जात नाही, दुर्दैवानं. हा कालचाच चहा. कालचंच मिश्रण, आत्ता उतरवलाय. बघ हं.

(ती कपात दूध ओतते. दोघी वाकून बघतात.)

नणंद : ...फाटलं.

वहिनी : फाटलं? चिंध्या झाल्या त्याच्या! हे छान लागलं त्यांना? हे गाळून प्यायले की चावून खाल्लं?

नणंद : त्यांनी अगदी थेंबभर घातलं असेल.

वहिनी : थेंबभर दूध घालून कोण चहा पितं? औषध घेत होते काय?

नणंद : किंवा पावडरचं असेल.

वहिनी : पावडरचं दूध काय आकाशातून पडतं? तेही फाटतं. तू मला दूध शिकवू नकोस. कोण प्यालं ते सांग. मोठे साहेब? की तो टाय लावून फिरतो तो, विक्रीवाला?

नणंद : आता नक्की कोण ते...

वहिनी : चल. हा कप घे हातात. दोघी वर जाऊ. ज्याला छान लागला त्याच्यासमोर ठेवू आणि म्हणू, घ्या साहेब, अजून घ्या.

नणंद : वहिनी, नको.

वहिनी : का नको? ते मला घाबरत नाहीत, मग मी त्यांना का घाबरू? दार सोड.

नणंद : वहिनी, वर नको जाऊस! कुणीच प्यालं नाहीये.

वहिनी : दुधात?

नणंद : दुधात नाही, पाण्यात नाही. कशातच नाही. तुझ्या सगळ्या पुड्या तिथे खिडकीपाशी ओळीनं ठेवलेल्या आहेत. साहेब म्हणाले, ठेव तिथे. मी ठेवल्या. एकही उघडलेली नाही.

वहिनी : एकही नाही.

नणंद : नाही.

वहिनी : मग तिखट लागतो असं कोण म्हणालं?

नणंद : मी.

वहिनी : आइस्क्रीम पुढे येतं?

नणंद : मीच.

वहिनी : चरचर हवी?

नणंद : वहिनी, बास ना.

वहिनी : बास कसं? मोजायला घेतलंय तर नीट मोजू. जुनेपणा?

नणंद : तो शब्द साहेबांचा आहे. पाकिटावरच्या चित्राबद्दल म्हणाले होते.

वहिनी : वा! वा, वन्सं! तुम्हाला या कंपनीत चिकटवलं मी. साहेबांच्या हातापाया पडून. मुलगी हुशार आहे म्हटलं. हुशारच निघालीस.

नणंद : टोमणे मारून झाले की ऐक. मी पहिला नमुना घेऊन वर गेले ना, त्याच दिवशी साहेब म्हणाले, हे चाखणंबिखणं कशाला हवं, तयार अर्क बाहेरून आणायचा, कुठल्याही चहावर फवारायचा, झाला आइस्क्रीम-सोडा. लोक चित्र बघून घेतात. खालची खोली नव्या मशीनला द्या. आणि मला म्हणाले, तुमची वहिनी ना ती? मग तुम्हीच सांगा. घरचं माणूस सांगेल तर बरं पडेल.

वहिनी : आणि तू?

नणंद : मी सांगायलाच उतरले होते. तू इथे बसली होतीस, पदर खोचून, डबा नाकाला लावून. मी आत आले तर डोळेसुद्धा उघडले नाहीस. तशीच म्हणालीस, काय म्हणाले? माझ्या तोंडून आलं, तिखट लागतो. तेवढंच सुचलं. मला वाटलं, सुधारणा चालू आहेत तोवर खोली कशी काढून घेतील? वर जाऊन सांगत होते, वहिनीचं शेवटचं काम चाललंय, जरा थांबा. तुला सांगत होते, जरा बदल हवाय. माझी काय अवस्था झाली असेल, सांग ना!

वहिनी : तुझी अवस्था? मी सुंठ काढली गं! सुंठेनं तो उभा राहत होता. मला ठाऊक होतं, तरी काढली. म्हटलं, मोठी माणसं आहेत, चार ठिकाणी फिरलीत, त्यांना काही कळत असेल. रात्रभर माझ्याच जिभेवर संशय घेतला मी. म्हटलं, म्हातारी झाली ही, बदलायला हवी. आणि इकडे तू जिन्यात उभी राहून चवी शोधत होतीस!

नणंद : तुझी खोली वाचवत होते!

वहिनी : खोली वाचवलीस, चहा नासवलास. खोली काय, चार भिंती. उद्या त्यांनी घेतली असती तर मी रडले असते, पाकिटं भरली असती, तुझ्या दादाला दोन शिव्या घातल्या असत्या, संपलं असतं. पण चहा माझा होता. त्याला तू हात लावलास, तेही न पिता.

नणंद : मग मी काय करायला हवं होतं? जेवताना सांगायचं होतं, दादासमोर? भाजी वाढ आणि हो, तुझं काम गेलं? वरचे म्हणतात खाली सांग, खालची म्हणते वर सांग. सगळे माझ्यावरून चढतात नि उतरतात. मी माणूस आहे की जिना?

वहिनी : आवाज वर जातो म्हणत होतीस ना?

नणंद : जाऊ दे! जाऊ दे तिकडे!

वहिनी : बस. त्या स्टुलावर बस. नाक पूस. नाही, माझ्या फडक्याला नाही, त्याला व्हॅनिला लागलीये. एक विचारते. तू तरी प्यालीस का कधी?

नणंद : काय?

वहिनी : हा चहा. वर नेताना, खाली आणताना. एखादा घोट?

नणंद : ...नाही.

वहिनी : एकदाही नाही?

नणंद : राहूनच गेलं. तू दर वेळी पुडी बांधून द्यायचीस, मी धावत सुटायचे.

वहिनी : म्हणजे हा चहा सगळ्या जगात एकाच बाईनं तोंडात घेतलाय. आणि ती थुंकते.

नणंद : हसू नकोस गं अशी. भीती वाटते.

वहिनी : हा कप घे. फाटलेला नाही, हा. बिनदुधाचा. असा घोट घेऊ नकोस, पाहुणी आल्यासारखा. फुर्रकन ओढ, आवाज झाला पाहिजे.

नणंद : ...छान आहे.

वहिनी : छान वरच्या मजल्यावर ठेव. इथे चालत नाही. तू खरा सोडा प्यायली आहेस. लहानपणी दादा न्यायचा म्हणून मिरवतेस ना? मी नाही प्यायले कधी, आमच्याकडे कोण नेणार होतं! मी ऐकीव माहितीवर बनवलाय. तेव्हा तो आठव आणि हा पी. डोळे मीट.

नणंद : शेवटी आइस्क्रीम येतं. म्हणजे गोळा नाही. ग्लासाच्या तळाशी वितळून उरायचं ना, कोमट, ते. ते अगदी तसंच आहे, वहिनी.

वहिनी : ते झालं. पुढे?

नणंद : रागावशील.

वहिनी : रागावलेलीच आहे. बोल.

नणंद : सोडा नाहीये यात. आंबट आहे, पण सोडा नाही. सोडा नाकात जायचा. डोळ्यांत पाणी यायचं, आणि दादा हसायचा. इथे नाकात काहीच जात नाही.

वहिनी : सुंठ! अगं बये, तिथेच सुंठ होती! पहिल्या नमुन्यात! ती तूच काढायला लावलीस!

नणंद : मला काय माहीत! मला तिखट म्हटलं की सुंठ निघते हे कुणी सांगितलं होतं?

वहिनी : ऊठ, किटली ठेव. आणि वर फोन करून सांग, वहिनी येतेय. पुडी घेऊन नाही, किटली घेऊन. त्यांना माझी खोली घ्यायची असेल तर घेऊ दे. पण माझा चहा घशाखाली घातल्याशिवाय मी तिथून हलणार नाही. ओतून, हातात देऊन, समोर उभी राहणार.

नणंद : ते नाही म्हणतील.

वहिनी : पिऊन नाही म्हणू देत. त्या नाहीला मी नमस्कार करीन. न पिता कुणी हो म्हटलं तरी मला नको आहे. लिंबूसत्त्व अर्धं केलं बघ. ही सुंठ. एवढीच. झाकण ठेव, वाफ जाऊ देऊ नकोस.

नणंद : आणि मी येऊ का वर तुझ्याबरोबर?

वहिनी : कप कोण धरणार मग? घे, ओतते. जरा निवू दे, तोंड भाजलं की काही कळत नाही. हं. आता.

नणंद : (फुर्रकन ओढते.)

वहिनी : काय?

नणंद : थांब. चढतंय काहीतरी.

वहिनी : कुठे चढतंय? नाकात की घशात? ओढताना की गिळल्यावर? मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस. हवा तर आणखी एक घोट घे आणि नीट सांग. मी थांबलेय.