पाच हॉर्सपॉवरची पाटी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे अभियंता साहेब, मुक्ताईनगर तालुक्यातून आलेल्या भाऊ-बहिणींनो, आणि ज्यांच्यासाठी हे हारतुरे आणले ते आज निवृत्त होणारे आमचे वायरमन चिंधाभाऊ, सर्वांना या लताबाईचा नमस्कार.

आधीचे वक्ते म्हणाले, भाऊंची सेवा निष्कलंक. हो का? मग त्यांच्या सेवापुस्तकात 'देखभालीत हयगय' हा शेरा कोणी लिहिला? टाळ्या वाजवताना लाज नाही वाटली?

आमच्या केळीच्या शिवारात शंभरची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, तिच्यावर अठरा मोटरी. कचेरीने संगणकावर भाराचा नकाशा मांडला. प्रत्येक मोटर तिच्यावरच्या पाटीप्रमाणे पाच हॉर्सपॉवर, एकूण नव्वद, डीपी निवांत! चिंधाभाऊ मात्र करंट मोजायचा चिमटा घेऊन विहिरीविहिरी फिरले. धुळ्याकडचा माणूस, मला म्हणाले, "अक्का, पाटी खोटी शे, तार खोटं बोलत नही. बठ्ठ्या मोटरी साडेसातन्या शेतस."

म्हणजे सगळ्या मोटरी साडेसातच्या, खरा भार एकशे पस्तीस. त्यांनी लिहून दिलं, नकाशा बदला, दुसरी डीपी द्या. साहेब, तुमचं उत्तर काय? "नोंदीत पाच, म्हणजे पाच." अहो, डीपी काय नोंदवही वाचून तापते?

मे महिन्यात तेल उकळलं, डीपी जळाली. अकरा दिवस केळीला पाणी नाही, घडासकट झाडं मोडून पडली. आणि दोषी कोण? ज्याने आधी सांगितलं तो! चोर सोडून संन्याशाला फाशी.

पण एकट्या साहेबांवर किती आगपाखड करू? मोटर वाइंडिंगला टाकायची, साडेसातची भरून घ्यायची आणि बिल पाचचंच यावं म्हणून येताना तिच्यावर पाचची पाटी ठोकून आणायची, ही आम्हा अठरा जणांचीच रीत. चौकशीत मला विचारलं, तेव्हा भाऊंच्या समोर मी म्हणाले, "पाचच." त्यांनी मान खाली घातली, पण माझं नाव घेतलं नाही. त्या दिवसापासून मला माझाच संताप येतो.

ही बघा ती पाटी. आज सकाळी उचकटून आणली. भाऊंच्या शालीशेजारी ठेवते. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा.

मला बोलू दिलं, त्याबद्दल आयोजकांचे आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. तो शेरा मात्र पोटात घालू नका. साहेब, चहा थांबू द्या. आधी माझा जबाब लिहून घ्या.