स्वागताचं भाषण

बाई : अहो, बंद करा तुमचं तोंड!

नवरा : मी कुठे बोलतोय?

बाई : या कॉम्प्युटरमध्ये! क्लासची वेबसाइट उघडली रे उघडली, की तुमचं स्वागताचं भाषण सुरू. ऐका.

कॉम्प्युटर : लिंक, आमच्याविषयी. लिंक, गायन—

भाषण : नमस्कार! सुरांच्या या अंगणात आपलं मनःपूर्वक—

कॉम्प्युटर : बटण. बटण. मे—

बाई : ऐकलंत? ते बिचारं मला पान वाचून दाखवतंय आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर बसलाय.

नवरा : मग आवाज कमी कर की.

बाई : केला तर दोघंही गप्प. तुमच्याबरोबर माझे डोळेही जातात.

नवरा : अगं, वर उजवीकडे बंद करायची सोय आहे. लाल बटण. चांगलं ठसठशीत.

बाई : आंधळ्या बायकोला लाल बटण! धन्य आहे. हा कॉम्प्युटर त्याला नुसतं 'बटण' म्हणतो. अशी ढीगभर बटणं आहेत इथे.

नवरा : सरक, मीच वाचतो. तुझ्या त्या चिरक्या आवाजाच्या शिष्येचा, पिपाणीचा मेसेज हवाय ना?

बाई : तुम्ही वाचत नाही, सारांश सांगता. मी त्या पोरीला सगळ्यांसमोर झापलं, ती रडत गेली. तेव्हापासून क्लासला फिरकलेली नाही. आता तिची आई फोनवर म्हणते, तिने वेबसाइटवर काहीतरी लिहिलंय. जीव टांगणीला लागलाय माझा. तिचा शब्द न् शब्द हवाय मला.

नवरा : एक बटण शोधायचं, त्यात एवढं काय?

बाई : असं? बसा इथे. हा स्क्रीन केला बंद. माउसला हात लावायचा नाही. शोधा.

नवरा : हात्तिच्या!

कॉम्प्युटर : लिंक. बटण—

भाषण : ही संगीतसेवा अखंड, अविरत—

नवरा : काय म्हणाला तो?

कॉम्प्युटर : बट—

भाषण : तर रसिकहो, आमच्या क्लासची सुरुवात—

नवरा : अरे, गप्प बस ना लेका!

बाई : मी सकाळपासून दुसरं काय म्हणतेय?

(स्क्रीन पुन्हा सुरू. नवऱ्याने भाषण वेबसाइटवरून काढून टाकलं आहे. खोली शांत.)

नवरा : किती खपलो होतो त्याच्यावर.

बाई : जेवताना ऐकवा. कौतुक करीन, खरंच.

कॉम्प्युटर : मेसेज. बाई, मी—

नवरा : हां, म्हणजे तिला परत यायचं—

बाई : श्श! पुन्हा पहिल्यापासून.

कॉम्प्युटर : बाई, मी रडत नव्हते. मला सर्दी झाली होती. सूर चुकला तो मात्र माझाच. आई म्हणते तुम्ही अजून रागावलाय. मी दाराजवळ बसेन. परत येऊ का?

नवरा : लिहू का मी, ये म्हणून?

बाई : नको. तुम्ही नुसते जवळ बसा. मी लिहिते.