सिस्टरांच्या दारातली ओटी

कॉन्व्हेंट शाळेच्या व्हरांड्यात करुणा बसली होती. शिक्षिकेच्या नोकरीची मुलाखत होती. शेजारी सोयगावची सरूबाई लेकाशी, गोकुळशी, बोलत होती. नात संस्कृती आठवीच्या प्रवेशासाठी सिस्टरांपुढं आत गेली होती.

"माय, कुठं गेली व्हतीस?"

"दारातल्या मूर्तीची ओटी भरून आले. खण, नारळ, पसाभर गहू."

"अगं, ती मदर मेरी हाय! किरिस्तावांची!"

"मंग? कडेवर लेकरू हाय की तिच्या."

"सिस्टर आता संस्कृतीला घेत नसतात, बघ."

"लेकुरवाळीची ओटी भरली म्हून कुणी रागावतंय व्हय?"

दार उघडलं. सिस्टरांच्या हातात नारळच होता; शिपायानं तो मागच्या दारानं आत नेऊन दिला होता.

"हा कुणी ठेवला?"

"म्या. पोरीचा काय बी गुन्हा नाय, बाईसाहेब."

"संस्कृतीला घेतलंय, आजी. आता हा फोडून द्या. आईचा प्रसाद सगळ्यांना मिळू दे."

सरूबाईनं पायरीवर एका दणक्यात नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा करुणापुढं धरला.

"घे बाई. तुजं लेकरू बी आत हाय व्हय?"

"नाही आजी, मलाच आत जायचंय. नोकरीसाठी."

"मंग दोन घे."