साडूचा सुगंध

...नाही, पण मला एक सांगा, माणूस यायच्या आधी त्याचा वास घरात येतो, हा काय प्रकार आहे? आमच्या साडूबद्दल बोलतोय हो, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा! हा अजून जिन्यात असतो आणि इकडे सासूबाई लगबगीनं उठतात, "आले वाटतं थोरले जावई!" परदेशी सेंट ना! बाटली अशी, की हात लावायच्या आधी आपणच हात धुवून यावं! आणि मी? मी आलोय हे कळायला मला खोकावं लागतं! आता मी काही जळत नाही हं... पण तो गेल्यावर आमची ही, माझी सख्खी बायको, सोफ्याच्या उशीत नाक खुपसून म्हणते, "भाऊजी गेले तरी वास कसा रेंगाळतोय, नाही?" अगं, मी शेजारी बसलोय!

जळत नाही हं मी! फक्त दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तडक बाजार गाठला. एवढासा गाळा, भिंतभर बाटल्या. दुकानदार म्हणाला, "साहेब, नुसतं नाव सांगा, डिट्टो वास देतो!" आता त्या परदेशी नावाला माझी जीभ वळतेय होय? मी म्हटलं, "श्रीमंत साडूला येतो ना, तसला द्या." तुम्हाला सांगतो, त्यानं क्षणात बाटली काढली! "घ्या! त्याचाच जुळा भाऊ. फक्त गरिबाघरी वाढलाय."

झालं! रविवारी सासरी निघालो. गळ्याला फुसफुस, मनगटाला फुसफुस, रुमालाला तर आंघोळच! दारात पोचतोय तोच आतून सासूबाई, "आलात? बसा हं, एसी लावलाय!" बाहेर आल्या, मला पाहिलं, माझ्यामागे वाकून पाहिलं... "अगंबाई, तुम्ही होय? मग थोरले कुठे राहिले?" आणि एसी बंद केला हो!

एवढ्यात साडू आला. नाक वर करून दोनदा हुंगलं, मला गॅलरीत ओढलं, "कुठून आणलंत? माझं दुपारपर्यंतच उडून जातं हो!" काय सांगू, छाती अशी फुगली! साडू मला विचारतोय, मला! दुकान, गल्ली, खूण, सगळं ओकलो.

आणि जेवताना त्यानं जाहीर केलं, "मी आता हे स्वस्तातलंच वापरणार!" सासूबाई त्याच्या पानात तुपाची धार धरत म्हणाल्या, "एवढा मोठा माणूस, पण कसला साधेपणा!" ही म्हणाली, "शिका जरा भाऊजींकडून!" मी हळूच म्हटलं, "अगं, मीही तेच लावलंय." तर म्हणते कशी, "तुमचं सोडा. तुम्ही पहिल्यापासून चिक्कूच!"

जळत नाही हं मी, अजिबात नाही... पण परवा बाटली संपली म्हणून गेलो, तर दुकानदार, माझा दुकानदार, मी शोधलेला, मलाच विचारतो, "ते मोठे साहेब वापरतात ना, त्यातलं देऊ?"

मी म्हटलं, "द्या बाबा... त्यांचंच द्या."