नदीपलीकडची सोयरीक

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. त्यांचे वडील आत तपासणीला गेले होते.

“ताई, तुमच्या राज्यात तो पक्ष निवडून आलाच कसा? आपल्या लहानपणी इथे औषधालासुद्धा सापडायचा नाही.”

“आणि नदीपलीकडे, तुमच्या राज्यात? आपल्या पक्षाचं नाव काढलं तरी लोक दार लावून घ्यायचे. आता तिथे तोच सत्तेवर.”

“दर निवडणुकीला थोडं थोडं फिरत गेलं गं. आधी तरुण गेले, मग बायका, यंदा माझे सासरेसुद्धा.”

“इकडेही तसंच झालं.”

“अण्णा तेवढे फिरले नसतील.”

“अगं, अण्णा गेल्या दोन निवडणुका त्यांनाच मत देतायत.”

“कुणाला?”

“तुझ्या सासऱ्यांच्या जुन्या पक्षाला.”

“चेष्टा करू नकोस, ताई. त्या पक्षाचं घर म्हणून अण्णा माझ्या लग्नाला आले नाहीत. मी शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. सव्वीस वर्षं माझा उंबरा चढले नाहीत.”

“मला वाटलं, तुला ठाऊक असेल.”

डोळ्यांत औषध घातलेले अण्णा भिंत धरत बाहेर आले. धाकटीने त्यांचा हात धरला.

“अण्णा, तुम्ही पक्ष बदललात?”

“काळ बदलतो, बाळ. माणसानं अडून बसू नये.”

“मग आता माझ्या घरी याल?”

“तुझे सासरे हल्ली कुणीकडे असतात?”

“तुमच्या जुन्या पक्षाकडे.”

अण्णांनी हात सोडवून घेतला.

“मग कसा येऊ?”