सगुणाताईंचा हळू आवाज

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय अभयराव खडपे, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती सगुणाताई मर्चंडे, आणि पंखा नसलेल्या बाजूला बसूनही अजून न उठलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

सगुणाताई अठरा वर्षं आपल्या दाभोळच्या जेट्टीवर सुरक्षारक्षक होत्या. आधीच्या वक्त्यांनी त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. मला मात्र सांगायचंय ते वेगळंच. त्यांनी एकदा भर जेट्टीवर एका भांडखोराला आवरलं. तो भांडखोर मीच. हो, बत्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस!

तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याचं, सर्वेशचं लग्न होतं. मुहूर्त बारा सतराचा, आणि नवरीचं गाव खाडी ओलांडून तासाभरावर. दापोलीहून वऱ्हाडाची बस घेऊन आम्ही अकराच्या सुमारास पोहोचलो, तेव्हा फेरीबोटीत एकाच गाडीची जागा उरली होती. आणि तिच्यासमोर दोन गाड्या. आमची बस, आणि मालनताई पालशेतकरांचा मासळीचा टेम्पो. त्या बघा, दुसऱ्या रांगेत बसून हसताहेत.

मी म्हणालो, "बाई, टेम्पो मागे घ्या. आमच्याकडे लग्न आहे."

"आणि माझ्याकडं बरफ वितळतोय, तो दिसत नाय? लग्न उद्या पण लागल. बांगडा उद्या कोण घेल?"

उत्तर सुचलं नाही की माणूस आवाज वाढवतो. आमच्या ड्रायव्हरने पाना काढला. टेम्पोवाला बाह्या सरसावून उतरला. मी फेटा काढून भावाच्या हातात दिला. बँजोवाल्यांचा काय समज झाला कोण जाणे, त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

तेवढ्यात सगुणाताई आल्या. काठी केबिनमध्येच ठेवून. मध्ये घुसल्या नाहीत, दोन हात लांब उभ्या राहिल्या, पंजे उघडे. काहीतरी बोलल्या. मला नुसते ओठ हललेले दिसले.

"काय?" मी ओरडलो.

पुन्हा तितक्याच हळू.

"अहो, मोठ्याने बोला!"

तिसऱ्यांदाही तेच. शेवटी मीच वळून गरजलो, "गप्प बसा रे सगळे! बँजो बंद! बाई काय म्हणतात ते ऐकू दे!"

सारी जेट्टी चिडीचूप. मला सांगा, चाळीस माणसांना गप्प कोणी केलं? मी!

"सर," सगुणाताई म्हणाल्या, "तुमची बस या जागेत मावते का, बघितलंत?"

बघितलं. मावत नव्हती. टेम्पो मावत होता.

"मग कसं करायचं? तुम्हीच सांगा."

माणूस शिक्षक असला की 'तुम्हीच सांगा' म्हटल्यावर विरघळतो. मी म्हणालो, "टेम्पो जाऊ दे. आम्ही नवऱ्याला घेऊन चालत बोटीवर चढतो. पण पलीकडे गाडी?"

"माझा टेम्पो काय मेलाय?" मालनताई म्हणाल्या.

असा सर्वेश मुंडावळ्या बांधून टेम्पोत पुढे बसला. मी मागे, टोपल्यांमध्ये. मुहूर्त गाठला. मला अंतरपाट धरायला बोलावलं, तेव्हा भटजी दोन पावलं मागे सरकले. उरलेलं वऱ्हाड पुढच्या बोटीने थेट पंगतीला आलं.

दुसऱ्या दिवशी लाडू घेऊन मी जेट्टीवर गेलो. विचारलं, "ताई, पाना निघाला होता. भीती नाही वाटली?"

त्या म्हणाल्या, "सर, वाटली की. मोठ्याने बोलले असते तर आवाज कापला असता, सगळ्यांना कळलं असतं. म्हणून मी हळू बोलते."

मी लाडवांचा डबा ठेवला आणि निघालो.

सगुणाताई, त्या दिवशी आभार मानायचे राहिले, ते आज सर्वांसमक्ष मानतो. संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली होती, ती केव्हाच संपली. बोलण्याच्या भरात काही अधिक-उणं तोंडून गेलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. नमस्कार.